शंभर माणसांमागे पंच्याऐंशी फोन, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. जिल्ह्यातल्या महिला बचत गटांच्या डिजिटल व्यवहारांवर तिला प्रबंध लिहायचा आहे. "फोन किती पोचलेत हे दाखवायला ट्रायची टेलिडेन्सिटी घे, तेवढं पुरे," असं मार्गदर्शकांनी सांगितलं. (ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण.) आकडा मिळाला ८५ च्या आसपास. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: '८५ टक्के लोकांकडे फोन आहे' असं लिहिलं तर चालेल का? दिल्लीचा आकडा पावणेतीनशेच्या घरात कसा? आणि आपल्या जिल्ह्याचा आकडा कुठे मिळेल?

पहिल्याचं उत्तर आधी देतो: तसं लिहू नका. फार जण लिहितात, वर्तमानपत्रांत छापून येतं, सरकारी सादरीकरणांतही दिसतं, पण ते चूक आहे. मी गेली वीसेक वर्षं दोन्ही बाजूंनी काम केलंय. कंपन्यांकडून येणारे तक्ते जुळवलेत आणि घरोघरच्या पाहण्यांत अंगणात बसून फॉर्मही भरलेत. ही चूक मला मनापासून खुपते, कारण ज्यांच्या हातात फोन नाही ती माणसं या एका वाक्यात गायब होतात. तुमच्या विषयात तर बहुतेक वेळा त्या बायकाच असतात.

टेलिडेन्सिटी म्हणजे दर १०० लोकसंख्येमागे दूरध्वनी जोडण्या. वर जोडण्या, खाली माणसं. वर माणसं मोजलेलीच नाहीत, कार्डं मोजली आहेत. समजा तुमच्या वस्तीत १०० माणसं आणि ७० सिम आहेत. सात कार्डं रिचार्ज न केल्यामुळे निपचित पडलीत, पण कंपनीच्या यादीत आहेत. उरली ६३. त्यांतली १८ ही त्याच माणसाच्या त्याच फोनमधली दुसरी सिम आहेत, एकाला घरात रेंज आहे तर दुसऱ्याला शेतात. उरली ४५. त्यांतली तीन विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरमध्ये बसवलेली. म्हणजे माणसं ४२. टेलिडेन्सिटी ७० आणि फोन बाळगणारे ४२, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. (यंत्रांसाठी आता १३ आकडी वेगळे क्रमांक आहेत, पण स्टार्टरमध्ये साधं सिम घालणारे शेतकरी मी भरपूर पाहिलेत.)

बंद कार्डांचा हिशेब ट्राय देतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मोबाइल चालू असला की ज्या भागात असेल तिथल्या नेटवर्कच्या नोंदवहीत त्याची हजेरी लागते. या नोंदवहीला व्हीएलआर म्हणतात. महिन्यातल्या ज्या दिवशी ही हजेरी सर्वांत जास्त असेल त्या दिवसाचा आकडा कंपन्या देतात. जो फोन दिसेनासा झाला त्याची नोंद ७२ तासांपेक्षा जास्त काळ ठेवायची नाही, अशी अटही आहे. ट्रायच्या मासिक पत्रकात हा सक्रिय ग्राहकांचा तक्ता वेगळा असतो, पण बातमीत तो क्वचित येतो. २०११ च्या सुमारास नोंदलेल्या कार्डांपैकी सक्रिय निघायची जेमतेम सत्तर टक्के. अलीकडे हे प्रमाण नव्वदच्या आसपास असतं. म्हणजे दोन काळांची तुलना करताना एकूण जोडण्या घेतल्यात तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करताय. एवढा एकच बदल करायचा असेल तर सक्रिय आकडा घ्या.

कार्डं मोजल्यामुळे किती फसगत होते हे वर्षांच्या ओळीतच दिसतं. देशाची टेलिडेन्सिटी मार्च २०१२ मध्ये ७८.६६ होती, मार्च २०१३ मध्ये ७३.३२ झाली. त्या वर्षी लाखो लोकांनी फोन फेकून दिले का? मुळीच नाही. कंपन्यांनी वर्षानुवर्षं यादीत साठलेली निष्क्रिय कार्डं काढून टाकली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी दूरसंचार कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले होते, त्याचाही परिणाम झाला. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फुकट सिमसाठी रांगा लागल्या, आणि मार्च २०१८ पर्यंत आकडा ९३ च्या आसपास चढला. २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी किमान रिचार्ज सक्तीचा केला. नुसतं इनकमिंगसाठी ठेवलेलं दुसरं सिम परवडेना, लोकांनी ते सोडलं, आणि मार्च २०२० मध्ये आकडा ८७ वर आला. मार्च २०२४ ला तो ८६ च्या जवळ होता. नुसता हा आलेख पाहणाऱ्याला वाटेल की सहा वर्षांत देश फोनपासून दूर गेला. त्याच काळात गावोगावी स्मार्टफोन आले, भाजीवाल्याकडे क्यूआर कोड आला, शाळा मोबाइलवर भरली. मोबाइलधारक माणसं वाढत होती आणि टेलिडेन्सिटी उतरत होती. तिने मोजली ती दुसऱ्या सिमची किंमत.

आता खालचा आकडा, लोकसंख्या. ही मोजलेली नाही, अंदाजलेली आहे. शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा आपण सुमारे १२१ कोटी होतो. २०२१ ची झाली नाही, आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. मधल्या सगळ्या वर्षांसाठी २०११ ते २०३६ चे प्रक्षेपित आकडे वापरले जातात. देशपातळीवर त्याने फार बिघडत नाही. राज्य पातळीवर मात्र बिघडतं, कारण माणसं कामासाठी कुठून कुठे गेली हे प्रक्षेपणात धड उतरत नाही.

दिल्लीचं कोडं इथेच सुटतं. दूरसंचार परवान्यांचा नकाशा राज्यांच्या नकाशापेक्षा वेगळा आहे. देशाचे २२ सर्कल, म्हणजे परवान्यांचे विभाग, आहेत, आणि दिल्ली सर्कलमध्ये दिल्लीबरोबर गाझियाबाद, नोएडा, गुरगाव आणि फरिदाबादही येतात. तिथली सिम वरच्या आकड्यात मोजली जातात, पण भागायला लोकसंख्या घेतात ती फक्त दिल्लीची, कारण प्रक्षेपण राज्यवारच मिळतं. त्यात कंपन्यांची कार्डं, दोन-दोन सिम, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांनी तिथे घेतलेली कार्डं मिळवा. पावणेतीनशे असेच होतात. आणि बिहारचा आकडा साठच्याही खाली का राहतो याचं एक कारण हेच: माणूस गावच्या लोकसंख्येत धरला जातो, त्याचं सिम शहराच्या खात्यात. ट्राय ही सर्कलची बाब तक्त्याखाली टिपेत स्पष्ट लिहितं. टीप वाचायची सवय लावून घ्या, अर्धी चूक तिथेच टळते.

आपल्याकडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गोवा हा महाराष्ट्र सर्कलचा भाग आहे. मुंबईचं सर्कल वेगळं असलं तरी टेलिडेन्सिटी काढताना मुंबई महाराष्ट्रातच मिळवतात. म्हणजे नरिमन पॉइंट, पणजी आणि सातपुड्यातलं धडगाव यांचा मिळून एक आकडा. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी, २०१९-२१ ची, उघडा. तिथे १५ ते ४९ वयाच्या बायकांना थेट विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? गोव्यात 'हो' म्हणणाऱ्या ९० टक्क्यांहून जास्त. महाराष्ट्रात सुमारे ५५. सर्कलच्या सरासरीत ही दरी तुम्हाला कधीच दिसणार नाही. देशाचा आकडा ५४ टक्के होता. शहरात ६९, खेड्यात ४७ च्या जवळपास. त्याच सुमारास टेलिडेन्सिटी ८७-८८ होती. तुमचा प्रबंध बायकांवर असेल तर या ५४ आणि ८८ मधल्या अंतरावरच तो उभा राहायला हवा.

आणखी एक पुरावा देतो, तो मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत शिकवणारा वाटतो. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत प्रत्येक घराला विचारलं होतं, टेलिफोन किंवा मोबाइल आहे का? ६३.२ टक्के घरांत होता. शहरात ८२, खेड्यात ५४.३. मार्च २०११ ची टेलिडेन्सिटी पाहा: एकूण सुमारे ७१, शहरी १५७, ग्रामीण ३४ च्या आसपास. शहरात दर शंभर माणसांमागे दीडशेच्या वर फोन, आणि तरी शंभरातली १८ घरं फोनवाचून. उलट खेड्यात टेलिडेन्सिटी ३४ आणि अर्ध्याहून अधिक घरांत फोन, कारण पाच माणसांचं घर एका फोनवर भागवत होतं. एकच मोजमाप शहरात वास्तव फुगवतं आणि खेड्यात आक्रसवतं. शिवाय गावातला माणूस सिम घेतो ते तालुक्याच्या बाजारातून, त्यामुळे शहरी-ग्रामीण ही विभागणीही संशयानेच वाचावी.

टेलिडेन्सिटी हे काही कुणी फसवायला काढलेलं माप नाही. ते लँडलाइनच्या काळातलं आहे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात देशाची घनता शंभरामागे ०.८ होती असं नोंदलंय. तेव्हा एक जोडणी म्हणजे एक तार, एक पत्ता, बहुधा एक घर, आणि तारा किती ओढल्या हे कळायला हे माप उत्तम होतं. तेव्हाही ते माणसं मोजत नव्हतंच. एसटी स्टँडवरच्या पिवळ्या पाटीच्या एका पीसीओवरून दिवसभरात किती जण बोलत, ते त्या एका जोडणीत कुठे दिसायचं? तेव्हा माप कमी दाखवायचं, आता जास्त दाखवतं. १९९९ च्या धोरणाने २०१० पर्यंत शंभरामागे १५ हे लक्ष्य ठेवलं, ते मोबाइलने कधीच मागे टाकलं, पण लक्ष्याची भाषा तीच राहिली.

मग माणसं मोजायची कशी? त्यांना विचारून. दुसरा मार्ग नाही. संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना, आयटीयू, सदस्य देशांना दोन्ही प्रकारची आकडेवारी द्यायला सांगते: कंपन्यांकडून आलेली आणि घरोघरच्या पाहणीतून आलेली. शाश्वत विकास उद्दिष्टांत ५.ब.१ हा निर्देशक 'स्वतःचा मोबाइल असलेल्या व्यक्तींचं प्रमाण, स्त्री-पुरुष वेगळं' असा आहे. त्यात जोडणी मोजत नाहीत, व्यक्ती मोजतात. आणि 'स्वतःचा' म्हणजे काय याची व्याख्या फार विचार करून केली आहे: वैयक्तिक वापरासाठी हातात असलेला फोन, आणि त्यात गेल्या तीन महिन्यांत वापरलेलं किमान एक सिम. सिम कोणाच्या नावावर आहे हे बघायचं नाही.

या शेवटच्या वाक्याचं मोल मला बीड जिल्ह्यातल्या एका अंगणात कळलं. एका बाईंना मी विचारलं, "तुमच्याकडे मोबाइल आहे का?" त्या लगेच म्हणाल्या, "हाय की," आणि भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथे चार्जरची वायर लोंबत होती, फोन नव्हता. "पोरगं घेऊन जातंय कामावर. रातच्याला येतो." मी 'हो' वर खूण केली होती, ती खोडली. शेजारच्या घरी उलट झालं. तिथली सून म्हणाली, "माझा नाही, ह्यांच्या नावावर आहे." पण बोलताना फोन तिच्या हातात होता, दिवसभर तिच्याकडेच असायचा, बचत गटाचा हप्ता भरल्याचा मेसेज त्याच्यावरच यायचा. पहिल्या घरात 'हो' म्हणणारीकडे फोन नव्हता, दुसऱ्या घरात 'नाही' म्हणणारीकडे होता. 'आहे का' हा प्रश्न आपल्या भाषेत घराला लागू होतो, माणसाला नाही, हे त्या दिवशी पक्कं डोक्यात बसलं. कंपनीच्या यादीत तर दोन्ही कार्डं पुरुषांच्या नावावर, म्हणजे त्या यादीवरून बायकांचा आकडा काढायचा प्रयत्नही करू नका.

तेव्हापासून मी एका प्रश्नाचे चार करतो. घरात एकूण किती मोबाइल आहेत? त्यांतला कोणता बहुतेक वेळ तुमच्या हाताशी असतो? गेल्या तीन महिन्यांत त्याच्यावरून तुम्ही स्वतः फोन केला किंवा घेतला का? आज दुपारी मला तुमच्याशी बोलायचं असेल तर कोणता नंबर लावू? चौथा प्रश्न मी पाहिलेल्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत नाही, पण पहिल्या तिन्हींची खातरजमा तोच करतो. (नंबर लिहून घेऊ नका, तुम्हाला फक्त तो कोणाचा आहे हे हवंय.)

आणि उत्तर तिनेच द्यायला हवं. घरातल्या कर्त्या पुरुषाने किंवा सासूने सगळ्यांच्या वतीने सांगितलं की बायकांचे आकडे एकाच दिशेने नाही, दोन्ही दिशांनी हलतात. कोणी मोठेपणा म्हणून 'सगळ्यांकडे आहेत' सांगतं, कोणी सुनेकडचा फोन लपवतं. कुटुंब आरोग्य पाहणीत बाईला बाईच विचारते आणि शक्यतो एकटीला विचारते, म्हणून तिच्या आकड्यावर माझा भरवसा जास्त. तुम्हीही घरातली व्यक्ती चिठ्ठी टाकून किंवा तक्त्यावरून निवडा. जी समोर आली तिलाच विचारलं तर घरी राहणाऱ्या बायकाच नमुन्यात भरतील.

'घरात' आणि 'व्यक्तीकडे' यांची गल्लत आणखी एका ठिकाणी होईल, आधीच सावध करतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०२५ च्या पहिल्या तिमाहीतली दूरसंचार पाहणी सांगते की ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आहे. हा ८५ आणि टेलिडेन्सिटीचा ८५ दिसायला सारखे, पण एक घरांचा, दुसरा कार्डांचा, आणि माणसांचा दोन्ही नाही. एकाच परिच्छेदात हे दोन्ही आले की वाचणारा त्यांना एकच समजणार.

इंटरनेटचंही तेच. ट्रायच्या हिशेबात मार्च २०२४ मध्ये इंटरनेटचे ग्राहक ९५ कोटींच्या वर होते. तीही जोडणीच. कुटुंब आरोग्य पाहणीत 'कधी तरी इंटरनेट वापरलंय' म्हणणाऱ्या बायका २०१९-२१ मध्ये ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. आणि 'कधी तरी' ही अट फार सैल आहे. तुम्ही गेल्या तीन महिन्यांची ठेवा. ब्रॉडबँडचा आलेख काढणार असाल तर व्याख्या बदलत गेली हेही पाहा: सुरुवातीला २५६ केबीपीएस, मग ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस.

तुमचा तिसरा प्रश्न, जिल्ह्याचा आकडा. ट्राय सर्कलच्या खाली जात नाही. कुटुंब आरोग्य पाहणीत घरात मोबाइल आहे का हे जिल्हावार काढता येतं, पण बाईच्या स्वतःच्या फोनचा प्रश्न लहान उपनमुन्यात विचारलेला आहे, तो राज्यापर्यंतच बोलतो. सर्कलच्या आकड्याला जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून 'जिल्हा टेलिडेन्सिटी' काढलेले प्रबंध माझ्या हातात आलेत. कृपा करून ते करू नका. सरासरी वाटून सरासरीच मिळते, जिल्हा मिळत नाही.

स्वतःची छोटी पाहणी करा, एम.ए. ला झेपते. टक्केवारी अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत हवी असेल तर साध्या यादृच्छिक नमुन्याला ३८४ बायका लागतात. तुम्ही गावं निवडून त्यांतली घरं घेणार, आणि एका गावात रेंजची स्थिती सगळ्यांची सारखीच असते, त्यामुळे नमुना दुप्पट धरा, साधारण ७७०. तेवढं जमत नसेल तर कमी घ्या आणि आकडा किती टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो ते मोकळेपणाने लिहा. एका गावातून पंचवीसपेक्षा जास्त घरं घेऊ नका. गावं वाढवणं घरं वाढवण्यापेक्षा फायद्याचं. नुसत्या बचत गटांच्या यादीतून नमुना घेतलात तर गटाबाहेरच्या, म्हणजे बहुधा अधिक गरीब बायका सुटतील, तेव्हा निष्कर्ष 'गटातल्या बायकांपुरता' असं शीर्षकातच म्हणा.

वेळ सांभाळा. जिल्हा ऊसतोडीचा असेल तर दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत निम्म्या वस्तीला कुलपं असतात. कुलूपबंद घर वगळून शेजारचं घेतलं की नेमकी सर्वांत फिरती, सर्वांत हलाखीची कुटुंबं नमुन्यातून जातात. पावसाळ्यात जा, किंवा बंद घरं किती होती हे मोजून वेगळं द्या. आणि दुपारी जाऊ नका. दुपारी घरातले फोन कामावर गेलेले असतात, संध्याकाळी सातनंतर ते कोनाड्यात परत येतात आणि कोणाचा कोणता हे डोळ्यांना दिसतं.

प्रबंधात टेलिडेन्सिटी ठेवा, वगळू नका. तक्त्याच्या शीर्षकात 'दर १०० लोकसंख्येमागे जोडण्या, महाराष्ट्र सर्कल, गोवा व मुंबईसह' असं पूर्ण लिहा, शेजारी सक्रिय जोडण्यांचा स्तंभ द्या, आणि तुमच्या पाहणीचा आकडा वेगळ्या तक्त्यात. मार्गदर्शकांना २०११ ची शहर-खेड्याची तुलना दाखवा, त्यांना वाद घालायला जागा उरणार नाही.

प्रश्नावली आधी पाच घरांत स्वतः भरून पाहा, मदतनीस नको. काही शब्द बदलावे लागतील. मला 'मालकीचा' हा शब्द काढावा लागला होता, कारण तो ऐकल्यावर बायका नवऱ्याकडे बघायच्या. त्याजागी 'तुमच्या हाताशी असतो तो' असं घातलं आणि उत्तरं यायला लागली. तुमचा मसुदा झाला की पाठवा, त्या पाच घरांतल्या उत्तरांसकट.